अंदमानला जाताना एक दिवस रिकामा ठेवा

चेन्नईला जाणारी ‘अंदमान एक्स्प्रेस’ आपल्या भांदकच्या रुळांवरून जाते. नावात अंदमान असले तरी तिची धाव चेन्नईच्या फलाटापर्यंतच. पुढचे हजार किलोमीटरहून अधिक अंतर बंगालच्या उपसागराचे आहे. तरीही भद्रावतीतून अंदमानला जाणाऱ्यांची संख्या आता कमी नाही. आयुध निर्माणीतले, बँकेतले, पोस्टातले केंद्रीय कर्मचारी एलटीसीच्या खास सवलतीत जातात. निवृत्त शिक्षक सावरकरांची कोठडी पाहण्यासाठी जातात, तर नवी लग्ने झालेली जोडपी निळ्या समुद्रासाठी. नागपूरहून विमान पकडायचे, चेन्नई किंवा कोलकात्याला बदलायचे आणि दुपारी पोर्ट ब्लेअर. २०२४ पासून या शहराचे अधिकृत नाव श्रीविजयपुरम आहे.

सहल कंपनीचा कागद साधारण असा असतो. पहिल्या दिवशी सेल्युलर जेल, दुसऱ्या दिवशी हॅवलॉक म्हणजे आताचे स्वराज द्वीप, तिसऱ्या दिवशी नील म्हणजे शहीद द्वीप, चौथ्या दिवशी पहाटे तीनला उठून बाराटांगच्या गुहा, पाचव्या दिवशी रॉस बेट आणि उरलेल्या वेळात स्कुबा, सहाव्या दिवशी परत. या कागदावर प्रत्येक ठिकाणाची वेळ असते, नाश्ता कुठे हेही असते. फक्त प्रवास करणाऱ्या शरीराचा उल्लेख कुठे नसतो. माझे म्हणणे असे की बेटावरची सहल आखताना स्थळांची यादी शेवटी करावी. आधी दोन प्रश्न विचारावेत: आपल्या शरीराला काय झेपेल आणि त्या बेटाला काय झेपेल?

पहिला गैरसमज उन्हाचा. ‘आम्ही शेहेचाळीस डिग्रीत राहणारी माणसे, तिथल्या एकतीस डिग्रीचे काय कौतुक?’ असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. याचे उत्तर आपल्या घरातल्या कूलरमध्ये आहे. मे महिन्यात ओल्या वाळ्यातून आलेली हवा खोली गार करते, कारण कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडते आणि उडताना उष्णता घेऊन जाते. तोच कूलर जुलैत लावला तर खोली गार होण्याऐवजी दमट होते. हे विदर्भातल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. आपले शरीरही कूलरच आहे. एक लिटर घाम पूर्ण उडाला तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता बाहेर जाते. उडाला तर. तो नुसता अंगावरून ओघळला तर मीठ आणि पाणी जाते, उष्णता आतच राहते.

तापमापकाला ओले फडके गुंडाळून हा फरक मोजता येतो. भद्रावतीत ४६ अंश आणि १२ टक्के आर्द्रता असेल तर ओला तापमापक सुमारे २३ अंश दाखवेल. अंदमानात ३१ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर तोच तापमापक २८ च्या आसपास जाईल. म्हणजे घाम उडवून अंग गार करण्याची सोय आपल्या रखरखीत मे महिन्यापेक्षा त्या ‘सुखद’ बेटावर कमी आहे. याचा अर्थ आपले ऊन सौम्य आहे असा नाही; उष्माघाताचा धोका इथे आहेच. पण आपली सवय कोरड्या उन्हाची आहे, आणि दमट उष्म्याशी जुळवून घ्यायला शरीराला आठवडा-दोन आठवडे लागतात. सहा दिवसांच्या सहलीत ते जुळायच्या आत परतीचे विमान येते. म्हणून पहिले दोन दिवस दुपारी अकरा ते तीन सावलीत काढावेत, तहान लागायची वाट न पाहता पाणी प्यावे आणि पिशवीत ओआरएसची पाकिटे ठेवावीत. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे. गोळी परस्पर बंद मात्र करू नये.

दुसरा मुद्दा आपल्या भागाचा खास आहे, पण तो कोणत्याही सहल कंपनीच्या कागदावर नसतो. पूर्व विदर्भात सिकलसेल आहे. चंद्रपूर आणि गडचिरोलीत अनेक समाजांत वाहक आणि रुग्ण आढळतात. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले, त्यात तपासणीवर भर आहे. सिकलसेलच्या रुग्णाला तीव्र वेदनेचा झटका कशाने येऊ शकतो? शरीरातले पाणी कमी होणे, ऑक्सिजन कमी पडणे, अचानक गारठा लागणे, अति श्रम होणे आणि संसर्ग होणे. आता सहलीचा कागद पुन्हा वाचा. विमानाच्या केबिनमधला हवेचा दाब १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरच्या डोंगराइतका असतो. बेटावर घाम अखंड वाहतो. पाण्यात तासभर खेळून ओल्या कपड्यांनी बोटीच्या वाऱ्यात बसायचे असते. झोप अपुरी असते. झटक्याची सगळी कारणे एकाच आठवड्यात एकत्र येतात.

म्हणून रुग्णांनी घरीच बसावे, असे मी म्हणत नाही. त्यांनाही समुद्र पाहण्याचा तितकाच हक्क आहे. पण रुग्णाने उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारून जावे, हायड्रॉक्सियुरियासारखी नेहमीची औषधे पुरून उरतील इतकी घ्यावीत, तपासणीचे कार्ड जवळ ठेवावे आणि स्कुबा टाळावी. वाहक असलेल्यांना विमानप्रवासाचा सहसा त्रास होत नाही; त्यांनी पाणी भरपूर प्यावे आणि दमछाक होईल असे काही करू नये. ज्यांनी आजवर तपासणीच केलेली नाही, त्यांनी सहलीच्या निमित्ताने ती करून घ्यावी. तिकिटावर हजारो रुपये खर्च करणाऱ्याला सरकारी दवाखान्यातल्या एका थेंब रक्ताची तपासणी जड नाही.

तिसरी गोष्ट पाण्याखालची. स्कुबाचे फोटो फार सुंदर येतात आणि नवशिक्यांना प्रशिक्षकाबरोबर उतरवण्याची सोयही चांगली आहे. पण दहा मीटर खाली गेल्यावर शरीरावरचा दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो, हे फोटोत दिसत नाही. त्या खोलीवर छातीभर घेतलेला श्वास रोखून माणूस वर आला, तर तीच हवा पृष्ठभागापर्यंत येताना दुप्पट जागा मागते आणि फुप्फुस फाटू शकते. म्हणून ‘श्वास कधीही रोखू नका’ हा पहिला नियम असतो. पण फुप्फुसाच्या एखाद्या कोपऱ्यात हवा अडकून राहत असेल तर माणसाने श्वास न रोखताही धोका उरतो. माजरी परिसरातल्या कोळसा खाणींत वर्षानुवर्षे धूळ घेतलेले, पूर्वी क्षयरोग होऊन गेलेले, दमा असलेले लोक आपल्या गावात पुष्कळ आहेत. त्यांनी छातीची तपासणी झाल्याशिवाय उतरू नये. उतरण्यापूर्वी एक अर्ज भरून घेतात. त्यात दमा, हृदयविकार, झटके, कानाचा आजार असे प्रश्न असतात. सगळ्यांपुढे ‘नाही’ लिहून मोकळे होण्याची आपली पद्धत इथे जिवावर येऊ शकते.

त्याच पाण्याचा विमानाशीही संबंध आहे. दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि स्नायूंत जास्त विरघळतो आणि वर आल्यावर हळूहळू बाहेर पडतो. तो पुरता निघायच्या आत विमानात बसले, तर केबिनच्या कमी दाबात त्याचे बुडबुडे होऊ शकतात. सोड्याची बाटली उघडल्यावर होतात तसे. म्हणून एका साध्या डुबकीनंतर किमान १२ तास आणि अनेक डुबक्यांनंतर किमान १८ तास विमानात बसू नये, असा जगभरच्या पाणबुड्यांचा नियम आहे. सामान्य पर्यटकाने सरळ २४ तास धरावेत. पाचव्या दिवशी संध्याकाळी स्कुबा आणि सहाव्या दिवशी सकाळी विमान ही आखणी म्हणूनच चुकीची आहे. स्कुबा करायचीच तर सहलीच्या मध्यावर करावी.

आता वेळापत्रकाकडे येऊ. आपल्या सुट्ट्या दिवाळीत आणि मे महिन्यात. बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचे दिवसही तेच: ऑक्टोबर ते डिसेंबर आणि पुन्हा मे. डिसेंबर २०१६ मध्ये ‘वरदा’ वादळाच्या वेळी हॅवलॉक आणि नीलवर हजाराहून अधिक पर्यटक अडकले होते आणि त्यांना नौदलाने बाहेर काढले. वादळ नसले तरी समुद्र खवळला की बोटी रद्द होतात. बोट रद्द झाली की हॅवलॉकवरचा माणूस पोर्ट ब्लेअरच्या मोठ्या रुग्णालयापासूनही तुटतो. छोट्या बेटांवर प्राथमिक उपचार मिळतात. हृदयविकाराचा झटका, मोठा अपघात, गुंतागुंतीचे बाळंतपण यांसाठी पोर्ट ब्लेअर गाठावे लागते आणि काही उपचारांसाठी चेन्नई किंवा कोलकाता. भद्रावतीहून चंद्रपूर अर्ध्या-पाऊण तासावर आणि नागपूर अडीच-तीन तासांवर, या हिशोबाची आपल्याला सवय झालेली असते. तिथे मध्ये समुद्र आहे.

म्हणूनच माझा आग्रह आहे की सहलीत एक दिवस पूर्ण रिकामा ठेवावा आणि परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी पोर्ट ब्लेअरला मुक्काम असावा. नेहमीची औषधे मोजून सहा दिवसांची न नेता दहा दिवसांची न्यावीत आणि ती हातातल्या पिशवीत ठेवावीत. इन्सुलिन विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात कधीही टाकू नये. शक्य असेल त्यांनी जानेवारी ते मार्च हे महिने निवडावेत. मुलांची शाळा बुडते हे खरे, पण आठवडाभर हॉटेलात बसून पाऊस बघण्यापेक्षा ते परवडते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. नोकरदाराला सुट्टी मिळते आठवड्याची, पैसे साठवलेले असतात वर्षभर. एवढ्या लांब जाऊन एक दिवस रिकामा कसा सोडायचा? पुन्हा जाणे कुठे होणार? पण हा हिशोब करताना आपण धरून चालतो की प्रत्येक बोट सुटेल, कोणाचे पोट बिघडणार नाही आणि आजोबांना दम लागणार नाही. रिकामा दिवस वाया जात नाही. सगळे ठीक असेल तर तो राधानगरच्या किनाऱ्यावर बसण्यात जातो, आणि परतल्यावर बहुतेकांना तोच आठवतो. काही बिघडले तर तोच दिवस बाकीची सहल वाचवतो.

समुद्राविषयी आणखी एक. आपण वर्धा आणि इरईच्या काठची माणसे. नदीत पोहणारा समुद्रातही पोहेल असे नाही. किनाऱ्यावरून आत ओढणारा प्रवाह पट्टीच्या पोहणाऱ्यालाही दमवतो. त्यात सापडल्यास किनाऱ्याकडे थेट झुंजू नये, किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला जावे. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरीही आहेत. २०१० मध्ये हॅवलॉकला एका परदेशी तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. वाघाच्या पाट्या वाचून वागायला आपण शिकलो आहोत. तिथली मगरीची पाटीही तितक्याच गांभीर्याने घ्यावी.

मग तापाचे काय? राज्यातल्या मलेरियाच्या रुग्णांमध्ये गडचिरोलीचा वाटा वर्षानुवर्षे मोठा राहिला आहे. त्यामुळे मलेरिया आपल्याला नवा नाही. अंदमान-निकोबारमध्ये तो खूप कमी झाला असला तरी इतिहास तोच आहे. १८५८ साली इंग्रजांनी तिथे कैद्यांची वसाहत वसवली, तेव्हा जंगल तोडणाऱ्या बंद्यांना बेड्यांइतकाच तापाने छळले. सेल्युलर जेल पाहताना ही बाजूही लक्षात असावी. तिथला दुसरा ताप लेप्टोस्पायरोसिसचा. टेलर आणि गोयल यांनी अंदमानातल्या या आजाराचा अभ्यास १९३१ सालीच प्रसिद्ध केला. पुढे तो इतका विसरला गेला की १९८८ नंतर आलेल्या साथींना आधी ‘अंदमान रक्तस्रावी ताप’ असे नाव मिळाले आणि ते लेप्टोच आहे हे काही वर्षांनी कळले. उंदीर आणि गुरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून, चिखलातून, पायावरच्या जखमेतून हे जंतू शिरतात. म्हणून पावसानंतर तिथल्या ओढ्या-चिखलात अनवाणी चालू नये. परत आल्यावर महिनाभरात ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, तर डॉक्टरांना पहिले वाक्य सांगावे: ‘मी अंदमानला जाऊन आलो.’ तेवढ्या माहितीने निदानाचे दोन दिवस वाचू शकतात.

आतापर्यंत बेटाकडून आपल्याला काय होऊ शकते ते पाहिले. उलटी बाजू अधिक गंभीर आहे, कारण तिथे किंमत दुसरे मोजतात. बाराटांगच्या गुहांकडे जाणारा अंदमान ट्रंक रोड जारवांच्या राखीव जंगलातून जातो. जिरकाटांगच्या नाक्यावर पहाटे गाड्यांची रांग लागते आणि पोलिसांच्या बंदोबस्तात ताफा निघतो. २०११ च्या जनगणनेत जारवांची संख्या ३८० होती. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या छोट्या टोल्याएवढा हा सगळा समाज. बाहेरच्या जगाशी त्यांचा संपर्क १९९७-९८ नंतरच वाढला. १९९९ मध्ये आणि पुन्हा २००६ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली.

गोवराचे शास्त्र इथे समजून घ्यायला हवे. अंगावर पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून माणूस गोवर पसरवत असतो. त्या काळात त्याला साधी सर्दी झाल्यासारखे वाटते आणि तो सहल रद्द करत नाही. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या हा विषाणू पाहिलेला नाही, तिथे तो लहान-थोर सगळ्यांना एकदम गाठतो. सगळेच आजारी पडले की शिकार करणारे, पाणी आणणारे, आजाऱ्याला भरवणारे हात उरत नाहीत. ग्रेट अंदमानी जमातीचे लोक १८५८ साली हजारोंनी होते. १८७७ साली त्यांच्यात गोवर शिरला, इतर आजार येत राहिले आणि १९६१ च्या जनगणनेत १९ जण उरले. २०२० मध्ये त्यांच्यातल्या काहींना कोरोनाही झाला. हे सगळे लक्षात घेता ‘आम्ही तर फक्त गाडीतून बघतो’ हे उत्तर पुरेसे नाही. गाड्या थांबतात, बिस्किटे फेकली जातात, मोबाइल बाहेर निघतात. २०१२ मध्ये जारवा स्त्रियांना पर्यटकांपुढे नाचायला लावल्याची चित्रफीत जगभर गेली. त्यांचे फोटो काढणे हा कायद्याने गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवासाची शिक्षा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच हा रस्ता बंद करण्याचा आदेश दिला होता. रस्ता सुरू राहिला, कारण त्यावरून जाणारे कमी झाले नाहीत.

भद्रावतीकरांना हे पटायला अवघड जाऊ नये. मोहर्लीचे गेट आपल्याच तालुक्यात आहे. एका वाघिणीभोवती वीस जिप्सी कशा कोंडाळे करतात, हे आपण पाहतो आणि त्यावर टीकाही करतो. शेजारच्या गडचिरोलीत माडिया गोंड राहतात. त्यांच्याकडे कोणी ‘आदिवासी बघायला’ म्हणून कॅमेरा घेऊन आला, तर आपल्याला राग येतो, यायलाच हवा. मग हजारो किलोमीटर लांब गेल्यावर आपणच त्या रांगेतली गाडी का व्हावे? त्या रस्त्याने रुग्ण, शिक्षक, भाजीवाले जातात. त्यांची गरज आहे. गुहा पाहणे ही गरज नव्हे. चुनखडीच्या गुहांपायी पहाटे तीनला उठणे आणि तास न्‌ तास गाडीत बसणे हे ज्येष्ठांच्या आरोग्याच्या दृष्टीनेही फारसे शहाणपणाचे नाही. बाराटांग यादीतून काढा. आपल्याला हवा असलेला रिकामा दिवस तिथेच मिळतो.

आणि सहलीला कुठेही जा, घरातल्या मुलांचे गोवर-रुबेलाचे दोन्ही डोस झाले आहेत का, हे तिकीट काढण्याआधी पाहा. ताप किंवा खोकला अंगावर घेऊन निघू नका. पैसे बुडतील या भीतीने आजारी मुलाला विमानात बसवणे हा आपल्या पुरता निर्णय नसतो.

यात सहल कंपन्यांचीही जबाबदारी आहे. गावोगावी एजंट आहेत, पण प्रवाशाला सिकलसेल, दमा, मधुमेह आहे का, हे विचारणारे क्वचितच भेटतात. एक पानाचा आरोग्य-अर्ज, स्कुबा आणि विमान यांत २४ तासांचे अंतर आणि बाराटांगला सरळ नकार, एवढे तीन बदल ग्राहकांनी मागितले तर कंपन्या ते करतील. व्यवसाय गिऱ्हाईक मागेल तसा वळतो. या दिवाळीनंतर एजंटासमोर बसाल तेव्हा ‘यात अजून काय बसवता येईल?’ असे विचारण्याआधी ‘यातले काय काढता येईल?’ हे विचारा. निदान एकाने तरी विचारले, तर पुढच्याचा कागद थोडा बदललेला असेल.